इटालियन भयपटांत दडलेलं काय आणि नुसतंच विचित्र काय?

प्रश्न थोडक्यात असा: आर्जेंतो, बाव्हा, फुल्ची यांचे पाच-सहा चित्रपट पाहून झाले. गोष्ट धड लागत नाही, आवाज ओठांशी जुळत नाहीत. जिथे तिथे बाहुल्या, काळे हातमोजे, फुटणारे डोळे, शीर्षकांत कुठले कुठले प्राणी, आणि घर कुणाचंही असो, टेबलावर तीच हिरवी व्हिस्कीची बाटली. यात खरंच गूढ अर्थ पेरलेत, की दिग्दर्शकांनी मनाला येईल ते केलं आणि अर्थ नंतर समीक्षकांनी चिकटवले?

मी संकलक आहे. पंचवीसहून जास्त वर्षं दुसऱ्यांनी चित्रित केलेलं कापण्या-जोडण्यात गेली. हे चित्रपटही मी धंद्याच्या सवयीनं पाहिलेत, म्हणजे मागे-पुढे करत, एकेक फ्रेम थांबवत. त्यामुळे माझं उत्तर जरा कारागिराचं वाटेल. या चित्रपटांत लपवलेलं फार थोडं आहे. जे महत्त्वाचं आहे ते उघड्यावर ठेवलेलं असतं आणि तरी आपल्याला दिसत नाही, हाच त्यांचा खेळ. उरलेला विचित्रपणा बराचसा पैशांच्या ओढाताणीतून आणि तिथल्या कामाच्या पद्धतीतून आलाय. पुढे रहस्यं फोडणार आहे. ज्यांना 'प्रोफोंदो रोस्सो' कोऱ्या मनानं पाहायचाय त्यांनी इथेच थांबावं, खरंच सांगतो.

'प्रोफोंदो रोस्सो' (१९७५), दिग्दर्शक दारिओ आर्जेंतो. रात्रीचा सुनसान चौक. गोष्टीत हे रोम आहे, पण चौक तुरिनचा आहे. पियानोवादक मार्क खाली उभा आहे. वरच्या खिडकीत एका बाईवर वार होतात, काच फुटते. तो जिना चढून फ्लॅटमध्ये धावतो. आत लांबलचक पॅसेज, भिंतींवर चित्रंच चित्रं, आणि चित्रांत फिकट, विद्रूप, भुतासारखे चेहरे. कॅमेरा झपाझप पुढे सरकतो. मार्क बाईपर्यंत पोचतो, तिला काचेवरून सोडवतो. पोलीस येतात, जबाब होतात. त्यानंतर चित्रपटभर मार्क एकच सांगत राहतो की त्या भिंतीवरचं एक चित्र गायब झालंय. शेवटी तो पुन्हा त्याच पॅसेजमध्ये येतो तेव्हा कळतं की ते चित्र नव्हतंच, आरसा होता. खुनी बाई तेव्हा तिथेच उभी होती आणि तिचं तोंड आरशात, बाकीच्या रंगवलेल्या तोंडांच्या रांगेत, चित्र होऊन बसलं होतं.

यात फसवाफसवी कुठेच नाही. मार्क पहिल्यांदा धावतो त्याच शॉटमध्ये तो चेहरा आहे. विद्यार्थ्यांना हा तुकडा दाखवताना मी आधीच सांगतो की खुनी यात दिसतो, डोळे उघडे ठेवा. तरी क्वचितच कुणाचा हात वर होतो. मग मागे नेऊन फ्रेम थांबवतो आणि वर्गात बारीक आवाजात 'अर्रे' उमटतं. असं का होतं, हे संकलनाच्या टेबलावर लगेच कळतं. शॉट थांबत नाही, त्यामुळे नजर पुढच्या बाईकडे ओढलेली असते. त्यातून आजूबाजूच्या चित्रांनी डोळ्याला 'इथे चेहरे असतातच' अशी सवय लावून ठेवलेली. आरशापाशी सहा-आठ फ्रेम जरी जास्त रेंगाळलं असतं किंवा तिथे एक वेगळा कट मारला असता, तरी चित्रपट तिथेच संपला असता. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो असा जवळजवळ दोन तास.

आता याच नजरेनं बाकीचं पाहा. त्या खुनी बाईचं काम केलंय क्लारा कालामाईनं. ती १९४३च्या 'ओस्सेस्सिओने'ची नायिका, म्हणजे एके काळची मोठी नटी. चित्रपटातही ती जुनी विसरलेली नटीच आहे आणि घरी आलेल्या मार्कला भिंतीवरचे आपले फोटो कौतुकानं दाखवते. ते फोटो कालामाईचे स्वतःचे, खऱ्या कारकिर्दीतले. नायक डेव्हिड हेमिंग्ज. हाच नट १९६६च्या 'ब्लो-अप'मध्ये छायाचित्रकार होता, ज्याच्या फोटोत नकळत खून टिपला जातो. पुढे मार्क एका ओसाड बंगल्यात भिंतीचा गिलावा खरवडून लहान मुलानं काढलेलं खुनाचं चित्र उघडं करतो, समाधानानं निघून जातो, आणि तो गेल्यावर गिलाव्याचा आणखी एक पोपडा गळून पडतो. चित्रात आणखी एक माणूस असतो. तो आपल्याला दिसतो, मार्कला नाही.

आर्जेंतोच्या पहिल्याच चित्रपटात, १९७०च्या 'स्फटिकाच्या पिसांचा पक्षी'मध्ये, हीच युक्ती जास्त सोप्या रूपात आहे. नायक दोन काचेच्या दारांमध्ये अडकलाय. समोर कलादालनात काळ्या कपड्यातला पुरुष आणि पांढऱ्या कपड्यातली बाई यांची झटापट चाललीय, सुरा चमकतोय. कोण कुणाला मारतंय हे तो आणि आपण एका क्षणात ठरवून टाकतो, आणि चुकीचं ठरवतो. सुरा बाईच्या हातात होता. सात वर्षांनी 'सुस्पिरिया'मध्ये तोच खेळ कानाशी केलाय. पावसात नृत्यशाळेच्या दारातून पळून जाणारी मुलगी काहीतरी ओरडते, गडगडाटात दोनच शब्द हाती लागतात: गुपित आणि आयरिस, म्हणजे ते फूल. शेवटी नायिकेला भिंतीवर रंगवलेली आयरिसची फुलं दिसतात, त्यातलं निळं फिरवलं की चोरदार उघडतं. एवढंच. ते शब्द पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच देऊन टाकलेले असतात.

या जातीच्या रहस्यभयपटांना 'जाल्लो' म्हणतात. जाल्लो म्हणजे पिवळा. मोन्दादोरी प्रकाशनानं १९२९ पासून गुन्हेकथांची पिवळ्या वेष्टनाची मालिका काढली, तेव्हापासून इटलीत रहस्यकथेचं नावच पिवळं पडलं. पण पुस्तकात शेवटी पोलीस किंवा गुप्तहेर सगळं जुळवून सांगतो. या चित्रपटांत पोलीस जवळजवळ निरुपयोगी असतात आणि तपास करतो तो लेखक, वादक, असाच कुणीतरी उपरा. याची एक बाजू इतिहासात आहे. १२ डिसेंबर १९६९ ला मिलानच्या पियाझ्झा फोंताना इथल्या बँकेत बॉम्ब फुटला, १७ माणसं गेली. संशय आधी अराजकवाद्यांवर ढकलला गेला. त्यातला एक तीन दिवसांनी पोलीस मुख्यालयाच्या खिडकीतून पडून मेला. पुढे वर्षानुवर्षांच्या खटल्यांत बोट नवफॅसिस्टांकडे वळलं. आर्जेंतोचा पहिला चित्रपट लागला तो त्या स्फोटानंतर दोनेक महिन्यांनी. चित्रण आधीच झालं होतं, त्यामुळे 'हा त्या स्फोटाबद्दल आहे' असं म्हणणं वेडेपणाचं. पण 'आपण डोळ्यांनी पाहिलं तेही खरं नाही आणि सरकार सांगतंय तेही' अशा मनःस्थितीतलं गिऱ्हाईक तिकीटबारीशी उभं होतं, म्हणून हा प्रकार पुढची पाच-सहा वर्षं एवढा चालला. हे माझं मत, पटलं तर घ्या.

डोळ्यांचं काय, हा तुमचा मुद्दा मला सगळ्यांत आवडला. फुल्चीच्या १९७९च्या झोंबीपटात लाकडाच्या ढलपीवर हळूहळू ओढला जाणारा डोळा, आर्जेंतोच्या 'ओपेरा'त (१९८७) नायिकेनं डोळे मिटू नयेत म्हणून पापण्यांखाली चिकटवलेल्या सुया. हे भारतीय प्रेक्षकाला निव्वळ किळसवाणं वाटतं. पण इटलीतल्या कुठल्याही जुन्या चर्चमध्ये जा. संत लुचिया हातातल्या तबकात स्वतःचेच दोन डोळे घेऊन शांतपणे उभी असते. पंधराव्या शतकातल्या चित्रकार फ्रांचेस्को देल कोस्सानं तर ते डोळे देठावरच्या फुलासारखे तिच्या बोटांत दिलेत. संत आगाथाच्या तबकात तिचे कापलेले स्तन असतात. मिलानच्या कॅथेड्रलमध्ये १५६२चा संत बार्थोलोम्यूचा पुतळा आहे, सोललेला, प्रत्येक स्नायू दिसतोय आणि स्वतःची कातडी त्यानं उपरण्यासारखी अंगाभोवती घेतलीय. लहानपणापासून रविवारी हे बघत वाढलेली माणसं आहेत ही. देहाची विटंबना आणि सुंदर मांडणी या दोन गोष्टी त्यांच्या दृश्यपरंपरेत शेजारी शेजारीच नांदतात. म्हणून त्यांचे खून सजवलेले असतात. हॉलिवूडचा दिग्दर्शक असा खून चोरटेपणानं दाखवतो, हे लोक देव्हारा मांडावा तसा मांडतात.

डोळ्याचा आणखी एक वापर विनोदी आहे. आर्जेंतोच्या १९७१च्या 'करड्या मखमलीवरच्या चार माश्या'मध्ये पोलीस मृत मुलीच्या डोळ्याच्या पडद्यावरून तिनं शेवटी पाहिलेली प्रतिमा काढतात. दिसतात चार माश्या. उलगडा काय, तर खुन्याच्या गळ्यातलं माशीचं पदक झुलत होतं. शास्त्र म्हणून हे भंपक आहे. पण प्राण्यांच्या नावांचं गुपितही इथेच कळतं. पहिल्या पक्ष्यानं पैसा केला, मग मांजर, माशी, सरडा, कोळी यांची रांग लागली. शीर्षकाला कथेत एक बारीकसा दुवा दिला की काम झालं. त्यात प्रतीकं शोधू नका.

एक अपवाद आहे, आणि माझ्या मते तो या सगळ्या ढिगातला सर्वोत्तम चित्रपट आहे: लुचिओ फुल्चीचा १९७२चा 'नोन सी सेवित्सिया उन पापेरिनो', म्हणजे 'बदकाच्या पिल्लाला छळू नये'. पापेरिनो हे डोनाल्ड डकचंही इटालियन नाव, आणि त्या बदकाची बाहुली कथेत खरोखरच पुरावा आहे. दक्षिण इटलीतलं एक कल्पित खेडं. वरून नवा कोरा महामार्ग गेलाय, खाली गाव जिथल्या तिथे. लहान मुलगे एकामागून एक मारले जातायत. गावाबाहेर राहणारी माचारा नावाची बाई, गावाच्या लेखी चेटकीण, मेणाच्या बाहुल्यांना टाचण्या टोचत असते. तिला स्वतःलाच वाटतं की आपण मंत्रानं मुलं मारली. पोलीस तिला सोडतात कारण तिनं काही केलेलंच नाही. गावचे बाप मात्र तिला स्मशानात गाठतात.

हा प्रसंग एकदा आवाज बंद करून आणि एकदा चालू ठेवून पाहा. मोटारीचा रेडिओ लावलेला आहे. आधी त्यावर उडतं गाणं वाजतं आणि साखळ्यांचे फटके सुरू होतात. मग त्याच रेडिओवर ओर्नेल्ला वानोनीचं संथ, विरहाचं गाणं लागतं आणि फटके चालूच राहतात. पार्श्वसंगीत म्हणून कुणी सूर आणून बसवलेले नाहीत, गाणं त्या माणसांनाही ऐकू येतंय. तेवढ्यानं प्रसंग असह्य होतो. माणसं निघून जातात. ती रक्तबंबाळ अवस्थेत चढ चढत महामार्गाच्या कडेला येते. सुट्टीला निघालेल्या कुटुंबांच्या गाड्या येतात, बघतात, निघून जातात. खुनी शेवटी निघतो तो गावातला तरुण, प्रेमळ, मुलांबरोबर फुटबॉल खेळणारा पाद्री. मुलं मोठी होऊन पापात पडू नयेत, निष्पाप असतानाच देवाकडे जावीत, हा त्याचा हिशेब. इथे 'दडलेला अर्थ' म्हणण्यासारखं काय उरलं? सगळं ढळढळीत आहे. सातपुड्यात डाकीण ठरवून बाया मारल्याच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्या माणसाला तर हा प्रसंग समजावून सांगावाच लागत नाही.

पाद्र्याचा धागा पूपी अवातीनं १९७६च्या 'हसणाऱ्या खिडक्यांचं घर'मध्ये वेगळ्या ठिकाणी नेलाय. एका खेड्यातल्या चर्चमधलं संत सेबास्तियनचं भित्तिचित्र दुरुस्त करायला एक तरुण येतो. मूळ चित्रकार मरणाऱ्या माणसांची चित्रं काढण्यासाठी कुप्रसिद्ध. जसजसा तो चित्रावरचा थर काढतो तसतसा संताला छळणाऱ्यांचे चेहरे वर येतात. शेवटी पाद्र्याच्या झग्याआड बाई निघते. अवाती सांगतो की लहानपणी त्याच्या गावाकडे एका पाद्र्याचं थडगं उघडल्यावर सांगाडा बाईचा निघाल्याची गोष्ट सांगितली जायची, तिथून हे आलं. पो नदीकाठचा सपाट, ऊन्हानं भाजलेला, दमट मुलूख. रक्त फार नाही. पण या प्रकारातलं एकच काही घरच्यांबरोबर पाहायचं असेल तर हे पाहा.

आता नुसतंच विचित्र काय ते.

आवाज. त्या काळात इटलीत चित्रण करताना ध्वनी नंतरच भरत. एकाच प्रसंगात एक नट इंग्रजीत, दुसरा इटालियनमध्ये, तिसरा जर्मनमध्ये बोलतोय आणि मग सगळ्यांच्या तोंडी दुसऱ्यांचे आवाज बसवलेत, असं सर्रास व्हायचं. कारण चित्रपट दोन-तीन देशांच्या पैशांवर उभा आणि दहा देशांत विकायचा. म्हणून ते तरंगणारे, खोलीच्या बाहेरून आल्यासारखे आवाज. आपल्याकडेही पायलटवर, म्हणजे फक्त खुणेपुरत्या आवाजावर, शूटिंग आणि मग डबिंग हीच रीत होती, त्यामुळे मला यात परकं काही वाटलं नाही. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत एका भुताच्या चित्रपटात नायिकेचा आवाज दुसऱ्या बाईंनी दिला होता. एक वाक्य ओठांच्या किंचित आधी बसलं होतं. मी सरकवायला निघालो, तर उस्ताद म्हणाले, "राहू दे रे. आता ती जिवंत वाटत नाही." इटालियन लोकांना हा फायदा प्रत्येक वाक्याला फुकट मिळत होता.

तुटलेली गोष्ट. यात दोष बऱ्याचदा आमच्याच जातभाईंचा, म्हणजे परदेशी वितरकांच्या कात्रीचा. 'प्रोफोंदो रोस्सो'ची इटालियन आवृत्ती दोन तासांच्या वर आहे. परदेशी पाठवलेल्या आवृत्तीतून वीसेक मिनिटं उडवली गेली, त्यात नायक आणि बातमीदार बाई यांची सगळी खेळकर भांडणं गेली. बाव्हाच्या 'ला मास्केरा देल देमोनिओ'चं (१९६०) अमेरिकेत संगीतच बदललं, आणि ब्रिटनमध्ये तो १९६८ पर्यंत बंदीतच होता. तेव्हा गोष्ट लागत नसेल तर आधी कुठली आवृत्ती पाहताय ते तपासा.

श्रेयनामावलीतली इंग्रजी नावंही तसलीच. इटालियन भयपट इटालियन प्रेक्षकालाच खपायचा नाही, म्हणून दिग्दर्शक रिकार्दो फ्रेदा झाला रॉबर्ट हॅम्प्टन आणि मारिओ बाव्हा झाला जॉन एम. ओल्ड. काळे हातमोजे खुन्याचं स्त्री-पुरुषत्व झाकतात आणि नटाचे पैसेही वाचवतात. आर्जेंतोच्या चित्रपटांत ते हात बहुतेक वेळा स्वतः आर्जेंतोचेच. बाव्हाच्या 'ओपेरात्सिओने पाउरा'मधली (१९६६) पांढऱ्या फ्रॉकातली, चेंडू घेऊन हिंडणारी भूतमुलगी इतकी अस्वस्थ का करते? कारण ती मुलगा आहे, टोप घातलेला. व्हिस्कीची बाटली फक्त भयपटांत नाही, त्या काळच्या तिथल्या विनोदी आणि पोलिसी चित्रपटांतही आहे. युद्धानंतर हाती पैसा आलेल्या इटलीत दिवाणखान्यातली विलायती बाटली म्हणजे घर सुधारल्याची खूण. लेबल कॅमेऱ्याकडे वळवलेलं का असतं, हे कुठल्याही निर्मात्याला विचारा.

रंगाबद्दल मात्र उलटं. तिथे काहीच अपघाती नाही. १९५७च्या 'ई वाम्पिरी'मध्ये कॅमेऱ्यामागे बाव्हा होता. एक तरुण बाई कट न मारता आपल्या डोळ्यांदेखत म्हातारी होते. चित्रपट कृष्णधवल. सुरकुत्या लाल रंगानं काढलेल्या, वर लाल उजेड, त्यामुळे अदृश्य. मग फिल्टर बदलून उजेड हिरव्या-निळ्याकडे नेला की त्याच सुरकुत्या काळ्या होऊन वर येतात. चेहऱ्यावर सगळं आधीपासूनच होतं, फक्त दिसत नव्हतं. 'सुस्पिरिया'त छायाचित्रकार लुचानो तोव्होली यानं रंगीत मखमल आणि पातळ कागदाच्या चौकटींतून उजेड नटांच्या अगदी तोंडाशी आणला, आणि प्रिंट काढल्या टेक्निकलरच्या जुन्या, रंग छापण्याच्या पद्धतीनं, जी तेव्हा मोडीत निघाली होती. डिस्नेच्या हिमगौरीसारखे रंग हवे होते. मुळात नृत्यशाळेतल्या मुली दहा-बारा वर्षांच्या असणार होत्या. ते जमलं नाही, तरुणी घेतल्या, पण संवाद पोरकटच ठेवले आणि दारांच्या मुठी मुद्दाम उंचावर बसवल्या. मोठ्या बाया दार उघडताना नकळत हात वर करतात. यापुढे पाहाल तेव्हा फक्त मुठी बघा.

त्याच चित्रपटात आंधळा पियानोवादक रात्री बिअरगृहातून निघून म्युनिकच्या एका रिकाम्या चौकात येतो. चहूबाजूंना ग्रीक देवळांसारख्या इमारती. कुत्रा भुंकू लागतो, वरून काहीतरी सावलीसारखं सरकतं, कोणीच येत नाही, आणि मग त्याचाच कुत्रा त्याचा गळा फोडतो. हा चौक म्हणजे क्योनिग्सप्लाट्झ. नात्सींच्या सभा इथेच भरायच्या, मे १९३३ मध्ये पुस्तकं इथेच जाळली. चित्रपटात त्याचा एका शब्दानंही उल्लेख नाही. इमानी जनावर मालकावर उलटतं ते नेमकं इथे, हे मला योगायोग वाटत नाही.

शेवटी फुल्चीचा 'लाल्दिला' (१९८१), ज्याबद्दल तुम्ही 'काहीच कळलं नाही' लिहिलंय. त्यात कळायचं काही नाही. फुल्चीला कथानक नकोच होतं, प्रतिमांमागून प्रतिमा हव्या होत्या. नायक-नायिका अमेरिकेतल्या रुग्णालयाच्या जिन्यावरून खाली पळतात आणि पोचतात शहरापलीकडच्या हॉटेलच्या तळघरात. संकलक म्हणून सांगतो, तिथे एक साधा सरळ कट आहे, विरघळणं नाही, धूर नाही, संगीताचा दणका नाही, म्हणून पोटात गोळा येतो. पुढे ते सुरुवातीला दिसलेल्या एका चित्राच्या आत अडकतात आणि त्यांचे डोळे पांढरे होतात. पुन्हा डोळे. आणि त्याच रुग्णालयाच्या शवागाराच्या दारावर 'डू नॉट एंट्री' असा फलक आहे. त्यावर मी लोकांचे लांबलचक अर्थ ऐकलेत. तो फलक रोममध्ये रंगवला गेला आणि रंगवणाऱ्याचं इंग्रजी कच्चं होतं.